खेळाडूंच्या शरीरातील मेद : किमान किती असावा ?

चैत्र-वैशाख महिन्यांत जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील गावोगावच्या यात्रा सुरू झाल्या की देवाच्या पालखीइतकीच गर्दी आखाड्याभोवती जमते. हलगी कडाडते, लाल मातीत जोडीमागून जोडी उतरते आणि नारळावरच्या लहान मुलांच्या कुस्तीपासून मोठ्या इनामाच्या निकाली कुस्तीपर्यंत दिवस मावळेतो खेळ रंगतो. या आखाड्यात वजनाचा काटा नसतो. गावातील जाणती माणसे व वस्ताद दोन्ही मल्लांना शेजारी उभे करतात, नजरेनेच अंदाज घेतात आणि जोड लावतात. त्यामुळे जुन्या तालमीतील मल्लाला वजन घटविण्याची चिंता कधी पडली नाही. त्याची सारी चिंता खुराकाची असे.

आता परिस्थिती पालटली आहे. शालेय स्पर्धांपासून राज्य व राष्ट्रीय स्पर्धांपर्यंत कुस्ती मॅटवर आणि वजनगटांत खेळली जाते. धावण्याच्या शर्यतींतही हलके, सडपातळ शरीर म्हणजे वेग, असे समीकरण रूढ झाले आहे. खेळाडूच्या अंगावर चरबी जितकी कमी तितका तो चांगला, अशी समजूत यातून बळावली. ही समजूत काही मर्यादेपर्यंत खरी आहे. परंतु त्या मर्यादेपलीकडे ती घातक आहे. ती मर्यादा कोणती, ती कशी ओळखावी आणि कोवळ्या वयातील मुलामुलींच्या बाबतीत कोणती दक्षता घ्यावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

मेदाचे कार्य

मेद म्हणजे शरीरावरचे निरुपयोगी ओझे नव्हे. शरीरातील मेदाचे दोन भाग कल्पिता येतात. पहिला भाग साठ्याचा. तो त्वचेखाली व उदरपोकळीत असतो, आणि अन्न कमी पडले किंवा श्रम वाढले की इंधन म्हणून खर्च होतो. दुसरा भाग अत्यावश्यक मेदाचा. तो अस्थिमज्जा, मेंदू व मज्जासंस्था, हृदय, फुप्फुसे, यकृत, मूत्रपिंडे इत्यादी अवयवांत असतो. पेशींची आवरणे, अवयवांचे रक्षण, संप्रेरकांची निर्मिती, तसेच अ, ड, ई व के या जीवनसत्त्वांचे शोषण या कार्यांसाठी शरीराला मेद लागतोच. घरातील कणगीत विकावयाचे धान्य असते आणि बियाणेही असते. विकावयाचे धान्य संपले तर पुढच्या सुगीत ते भरून काढता येते. बियाणे दळून खाल्ले तर पुढची सुगीच येत नाही. अत्यावश्यक मेद हे शरीराचे बियाणे होय.

शास्त्रज्ञांच्या अंदाजानुसार पुरुषांत हा अत्यावश्यक मेद शरीराच्या वजनाच्या सुमारे ३ टक्के आणि स्त्रियांत सुमारे १२ टक्के असतो. स्त्रीचे प्रमाण अधिक असण्याचे कारण तिच्या प्रजननक्षमतेशी निगडित आहे. म्हणून मुलाला लागू पडणारा आकडा मुलीला लावणे ही मूलभूत चूक ठरते. लांब पल्ल्याच्या उत्तम पुरुष धावपटूंच्या शरीरात सर्वसाधारणपणे ५ ते १० टक्के मेद आढळतो; त्याच दर्जाच्या स्त्री धावपटूंत तो बहुधा १२ ते २० टक्क्यांच्या दरम्यान असतो. हे आकडे प्रौढ, वर्षानुवर्षे सराव केलेल्या खेळाडूंचे आहेत. शाळकरी मुलांनी ते ध्येय म्हणून डोळ्यांपुढे ठेवू नयेत.

प्रयोगांनी दिलेला धडा

मेदाची किमान मर्यादा कोठे येते, याचे उत्तर काही कठोर अनुभवांनी दिले आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुणांवर अर्धपोटी राहण्याचा प्रयोग केला. हे तरुण स्वेच्छेने त्यात सहभागी झाले होते. २४ आठवड्यांत त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले. नाडी मंदावली, थंडी सोसेनाशी झाली, अंगातील बळ ओसरले, चित्त कशातच रमेना आणि मन अहोरात्र अन्नाभोवती घोटाळू लागले. पुन्हा पोटभर आहार सुरू झाल्यावर मेद आधी भरून आला. स्नायू मागाहून, संथपणे सावरले. उपाशी राहून वजन उतरविणाऱ्या प्रत्येक खेळाडूने हा शेवटचा निष्कर्ष ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

पुढे अमेरिकन सैन्यातील ‘रेंजर’ तुकडीच्या आठ आठवड्यांच्या खडतर प्रशिक्षणात सैनिकांचा अभ्यास झाला व तो १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. अपुरा आहार, अपुरी झोप आणि अखंड श्रम यांमुळे त्यांचा मेद घटत गेला. परंतु ४ ते ६ टक्क्यांच्या आसपास तो थांबला. त्यानंतर वजन उतरले ते मुख्यतः स्नायू खर्ची पडून. याचा अर्थ असा की, निरोगी पुरुषाच्या शरीराने स्वतःच आपली तळरेषा आखून ठेवली आहे. ती गाठल्यावर शरीर चरबी जाळण्याऐवजी स्नायूच मोडून खाऊ लागते. जो मल्ल बळ वाढविण्यासाठी सराव करतो, त्याचे बळच अशा वेळी इंधन म्हणून जळत असते.

वजनगटाचा मोह

खाशाबा जाधव यांचे नाव महाराष्ट्रातील प्रत्येक तालमीत आदराने घेतले जाते. कराडजवळच्या गोळेश्वरच्या या सुपुत्राने १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ५२ किलो गटात सहावे स्थान मिळविले आणि १९५२ मध्ये हेलसिंकी येथे ५७ किलो गटात कांस्यपदक जिंकून स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले. त्या यशामागे परिश्रम, डावपेच व जिद्द होती. ते केवळ वजनगटाचे फळ नव्हते. तथापि, एक गोष्ट त्यांच्या उदाहरणात स्पष्ट दिसते. वाढत्या शरीराबरोबर वरच्या गटात जाणे म्हणजे माघार घेणे नव्हे.

याच्या उलट मार्ग कोठे जातो, तेही जगाने पाहिले आहे. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, जेमतेम पाच आठवड्यांच्या अवधीत, अमेरिकेतील तीन महाविद्यालयीन मल्ल वजन घटविताना मरण पावले. अन्नपाणी तोडून, घाम न निथळू देणारे कपडे घालून, उष्ण खोलीत ते व्यायाम करीत होते. त्यानंतर तेथील महाविद्यालयीन कुस्तीचे नियम बदलले. मल्लाने ५ टक्क्यांहून कमी मेद राहील अशा गटात उतरू नये आणि आठवड्यात शरीराच्या वजनाच्या दीड टक्क्यापेक्षा अधिक वजन घटवू नये, असे बंधन आले. तेथील शालेय कुस्तीत ही तळरेषा मुलांसाठी ७ टक्के व मुलींसाठी १२ टक्के ठरविण्यात आली आहे. वाढत्या वयाला अधिक संरक्षण हवे, हे तत्त्व त्यामागे आहे. आपल्या देशाने ७ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट हिला अवघ्या १०० ग्रॅम वजनासाठी ५० किलो गटाच्या अंतिम कुस्तीतून बाद झालेले पाहिले. वजनाचा काटा खेळाडूला केवढ्या कडेलोटावर उभे करतो, याची ती जाणीव होती.

हा हिशेब कसा मांडावा, हे एका उदाहरणाने पाहू. समजा, सोळा वर्षांच्या एका मल्लाचे वजन ५९ किलो असून त्याच्या शरीरात १० टक्के मेद आहे. म्हणजे मेद ५.९ किलो आणि मेदविरहित वजन ५३.१ किलो. १७ वर्षांखालील मुलांच्या फ्रीस्टाईल कुस्तीत ५५ व ६० किलो असे लगतचे गट आहेत. खालच्या गटात प्रतिस्पर्धी सोपे मिळतील, या आशेने त्याला ५५ किलोवर यावयाचे आहे. स्नायू पूर्णपणे शाबूत राहिले असे धरले, तरी ५५ किलोवर त्याच्या शरीरात मेद उरेल अवघा १.९ किलो, म्हणजे साडेतीन टक्क्यांहूनही थोडा कमी. हे प्रमाण जवळजवळ अत्यावश्यक मेदाच्या काठावर आहे. आता ७ टक्क्यांची मर्यादा लावून पाहा. ५३.१ ला ०.९३ ने भागले असता ५७.१ येतात. या मुलाने ५७.१ किलोच्या खाली जाता कामा नये. म्हणजेच त्याचा खरा गट ६० किलोचा आहे. तेथे त्याने एक किलो स्नायू वाढविला, तर तो अधिक बलवान होऊनच मॅटवर उतरेल.

प्रत्यक्षात मात्र असा मुलगा चार दिवसांत चार किलो उतरवू पाहतो. ऐन उन्हात रेनकोट घालून पळतो, पाणी सोडतो, तोंडातील लाळदेखील थुंकून टाकतो. चार दिवसांत जे जाते ती चरबी नव्हे. एक किलो मेदात सुमारे ७,७०० उष्मांक साठविलेले असतात; ते इतक्या लवकर जळू शकत नाहीत. जाते ते पाणी, आणि स्नायूंत साठविलेली शर्करा. रक्त दाटते, हृदयावर व मूत्रपिंडांवर ताण येतो, घाम येणे मंदावल्याने शरीराचे तापमान चढते. वजनाच्या दोन टक्के पाणी कमी झाले तरी दमसास घटतो. काटा जिंकून कुस्ती हरण्याचा हा मार्ग आहे.

मुलींच्या बाबतीत विशेष

जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात, आहुपे, आसाणे, इंगळूण, घाटघर अशा सह्याद्रीच्या माथ्यावरील गावांत, आदिवासी कुटुंबांतील मुली लहानपणापासून चढउतार चालून काटक झालेल्या असतात. आश्रमशाळांच्या क्रीडास्पर्धांत त्यांच्या धावण्याचे गुण दिसून येतात. नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा या आदिवासी पाड्यातून आलेल्या कविता राऊत हिने २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांत दहा हजार मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळविले. माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर हिने २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेस शर्यतीची अंतिम फेरी गाठून दहावे स्थान पटकाविले. तेव्हा आपल्या डोंगरी मुलींच्या पायांत काय सामर्थ्य आहे, हे सिद्ध करण्याची आता गरज उरलेली नाही. गरज आहे ती ते सामर्थ्य उपासमारीत वाया जाऊ न देण्याची.

एके काळी असे मानले जाई की, मुलीच्या शरीरात ठरावीक टक्के मेद जमल्याशिवाय मासिक पाळी सुरू होत नाही. रोझ फ्रिश या संशोधिकेने १९७४ मध्ये हे प्रतिपादन केले होते. पुढील संशोधनाने त्यात दुरुस्ती केली. मेदाचा संबंध आहेच. १९९४ मध्ये शोधले गेलेले लेप्टिन हे संप्रेरक मेदपेशींतूनच स्रवते आणि शरीरातील साठ्याची वार्ता मेंदूला पोहोचविते. परंतु निर्णायक प्रश्न हा की, व्यायामाचा खर्च वजा जाता शरीराच्या दैनंदिन कारभारासाठी किती ऊर्जा उरते ? मेदविरहित वजनाच्या प्रत्येक किलोमागे दररोज सुमारे ४५ उष्मांक उरले तर शरीराचा कारभार सुरळीत चालतो. ही शिल्लक दीर्घकाळ ३० च्या खाली राहिली, तर बहुसंख्य स्त्रियांत संप्रेरकांचे चक्र बिघडू लागते. ३० हा आकडा प्रत्येकीला तंतोतंत लागू पडणारा नाही, पण धोक्याची खूण म्हणून तो उपयोगी आहे.

पुन्हा एक हिशेब मांडू. एका धावपटू मुलीचे वजन ४५ किलो असून मेद २० टक्के आहे. म्हणजे मेदविरहित वजन ३६ किलो. तिच्या सरावात रोज ५०० उष्मांक खर्च होतात. ती दिवसभरात १,५०० उष्मांकांचे अन्न घेते. उरले १,०००. त्याला ३६ ने भागले की सुमारे २८ येतात. ही मुलगी दिसावयास निरोगी आहे, तिच्या अंगावर पुरेसा मेदही आहे. तरीही तिचे शरीर तोट्यात चालले आहे. आता तिला रोज ५० ग्रॅम शेंगदाणे व २५ ग्रॅम गूळ अधिक दिला, तर सुमारे ३५० उष्मांकांची भर पडते आणि तीच शिल्लक ३७ च्या पुढे जाते. एवढ्या साध्या गोष्टीवर तिचे पुढचे आरोग्य अवलंबून असू शकते.

या तोट्याची पहिली खूण म्हणजे पाळी अनियमित होणे वा थांबणे. अनेक मुली, आणि कित्येकदा त्यांचे मार्गदर्शकही, पाळी थांबणे हे कसून केलेल्या सरावाचे लक्षण मानतात. हा गैरसमज मुळापासून काढून टाकला पाहिजे. पाळी थांबते तेव्हा हाडांना बळ देणारे संप्रेरकही घटलेले असते. हाडांची बहुतेक जमा किशोरवयात व तारुण्याच्या उंबरठ्यावर होते. त्या काळात पडलेली तूट पुढे क्वचितच पूर्ण भरून निघते. मग नडगीच्या वा पावलाच्या हाडाला बारीक तडे जाऊ लागतात. १९९० नंतरच्या दशकात अपुरा आहार, थांबलेली पाळी व ठिसूळ हाडे यांना खेळाडू स्त्रियांमधील त्रिदोष म्हणून ओळखले गेले. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने ही कल्पना व्यापक केली आणि अशा ऊर्जा-तुटीचा परिणाम हृदय, रक्त, प्रतिकारशक्ती, वाढ व मन यांवर होतो, तसेच तो पुरुषांतही आढळतो, हे स्पष्ट केले. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळतो, हे ध्यानी घेता आपल्याकडे हा धोका दुहेरी आहे.

मोजमापाची मर्यादा

मेद मोजावा कसा ? चिमट्यासारख्या मापकाने दंड, पाठ, पोट व मांडी येथील त्वचेची घडी मोजून सूत्राने टक्केवारी काढणे, ही सोपी व स्वस्त रीत आहे. क्ष-किरणांवर आधारित डेक्सा तपासणी अधिक अचूक, पण खर्चाची आहे. विद्युत्प्रवाह वापरणाऱ्या वजनकाट्यांचे आकडे तर पाणी प्याल्याने वा न प्याल्यानेही बदलतात. घडीच्या मापनात तीन-चार टक्क्यांची चूक सहज होऊ शकते. तेव्हा ‘६ टक्के’ असे उत्तर आले तर ते प्रत्यक्षात ३ टक्केही असू शकते, हे विसरता येणार नाही. म्हणून तळरेषेला टेकून उभे राहण्याऐवजी तिच्यापासून अंतर राखून राहावे.

आपल्या लोकांच्या बाबतीत आणखी एक बाब लक्षात घ्यावी लागते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत माता व बालकांचा दीर्घ अभ्यास केला. वरून कृश दिसणाऱ्या भारतीय बालकातही मेदाचे प्रमाण तुलनेने अधिक व स्नायूंचे कमी असते, असे त्यातून दिसले. २००४ मध्ये त्यांनी स्वतःचेच उदाहरण जगापुढे ठेवले. ते व त्यांचे इंग्रज सहकारी युडकिन या दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के होता. तात्पर्य, केवळ वजनावरून वा दिसण्यावरून मेद ठरत नाही, आणि परदेशी माणसांवर बेतलेली सूत्रे आपल्याला जशीच्या तशी लागू पडतीलच असे नाही. अमुक मुलात मेद अधिक आढळला, तर त्याचा आहार तोडणे हा उपाय नव्हे; बहुधा त्याचे स्नायूच कमी असतात, आणि ते वाढविण्यासाठी व्यायामाबरोबर अन्न अधिकच लागते.

काय करता येईल ?

सुदैवाने खेळाडूच्या पोषणासाठी लागणारे बहुतेक जिन्नस या दोन तालुक्यांच्या शेतात व गोठ्यातच आहेत. पूर्व भागात बाजरी, कडधान्ये, भाजीपाला व दूध. पश्चिम भागात भात, नाचणी व वरई. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. हाडांसाठी ते मोलाचे आहे. मोड आलेली मटकी, हुलगे, शेंगदाणे, गूळ, अंडी, दूध यांना डबाबंद पावडरींच्या जाहिरातींपुढे कमी लेखण्याचे कारण नाही. पूर्वीच्या वस्तादांनी खुराकाला जे महत्त्व दिले, त्यामागे अनुभवाचे शहाणपण होते.

शालेय पोषण आहार योजनेत पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी ४५० आणि सहावी ते आठवीच्या मुलांसाठी ७०० उष्मांकांचे माध्यान्ह भोजन आहे. ही योजना आठवीपर्यंत आहे. नेमका नववीपासून खेळाचा सराव वाढतो आणि शरीरही झपाट्याने वाढते. म्हणून नववी-दहावीच्या खेळाडूंसाठी सरावानंतरच्या मूठभर शेंगदाण्यांची व गुळाची सोय शाळेने, ग्रामपंचायतीने अथवा गावातील मंडळांनी मनावर घेतली, तर ती यात्रेतील एखाद्या इनामाहून कमी मोलाची ठरणार नाही.

क्रीडाशिक्षक, वस्ताद व पालक यांनी पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. वाढत्या वयातील मुलाला वा मुलीला खालच्या वजनगटासाठी उपाशी ठेवू नये. गट शरीरानुसार ठरवावा, शरीर गटानुसार नव्हे. प्रौढ खेळाडूस वजन घटवावयाचेच असेल तर ते स्पर्धेच्या कित्येक आठवडे आधी, आठवड्यास वजनाच्या एक ते दीड टक्क्याच्या मर्यादेत घटवावे. पाणी तोडून, रेनकोट घालून किंवा जुलाबाची औषधे घेऊन वजन उतरविणे पूर्णतः बंद करावे. मुलीची पाळी तीन महिने न आल्यास किंवा पंधराव्या वर्षापर्यंत सुरूच न झाल्यास तिला ग्रामीण रुग्णालयात अथवा प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. वारंवार सर्दी-ताप, सतत थंडी वाजणे, नडगीचे न थांबणारे दुखणे, चिडचिड, आणि सराव वाढूनही कामगिरी घसरणे, ही लक्षणे आळसाची नसून उपाशी शरीराची असू शकतात. मुलांच्या शरीरावर सर्वांसमक्ष शेरे मारू नयेत; एखादा सहज उच्चारलेला शब्द कोवळ्या मनात घर करतो आणि ताटातील भाकरी अर्धी होते.

सारांश, प्रौढ पुरुष खेळाडूने ५ टक्क्यांच्या आणि स्त्री खेळाडूने १२ टक्क्यांच्या खाली जाणे सुरक्षित नाही. वाढत्या मुलांसाठी ७ टक्के ही शेवटची रेषा समजावी. मुलींच्या बाबतीत तर टक्केवारीपेक्षा नियमित पाळी हाच अधिक विश्वासार्ह मापक आहे. या रेषा ध्येये नव्हेत. त्या विहिरीच्या कठड्यासारख्या आहेत. कठडा असतो तो त्याच्या आत पाऊल पडू नये म्हणून. पुढच्या यात्रेत हलगी वाजेल तेव्हा आपल्या गावचा मुलगा भरल्या अंगाने आखाड्यात उतरावा आणि आपल्या डोंगरातील मुलगी भरल्या पोटाने शर्यतीच्या रेषेवर उभी राहावी. त्यांनी मिळविलेले यश मग एका हंगामापुरते राहणार नाही.